ताटाशी वैर नको

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत एका आहारतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आरती झाल्यावर आणि प्रसादाची पाकिटं वाटायच्या आधी आहारतज्ज्ञाला बोलायला उभं करणं, हे मंडळाचं धाडसच म्हणायला हवं. आत्ताच एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, पोहे-जिलेबी बंद करा असं सांगणार असशील तर मी आधीच निघतो." आजोबा, बसा. इंदूरमध्ये राहून पोहे बंद करा म्हणणारी मी कोण?

आजचा विषय शरीरातली चरबी कमी करण्याचा आहे. पण त्याच्या जोडीला मी दुसराही एक विषय घेतला आहे, तो म्हणजे खाण्याशी असलेलं आपलं नातं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी चार-पाच वेळा वजन कमी केलेलं असतं. म्हणजे वजन कमी करणं त्यांना जमत नाही असं नाही. ते टिकत नाही. आणि का टिकत नाही याचं उत्तर बहुधा खाण्याशी असलेल्या नात्यात सापडतं.

वजन वेगळं, चरबी वेगळी

पहिली गोष्ट. आपण वजन मोजतो, पण प्रश्न चरबीचा असतो. यावर एक फार बोलकं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन मित्रांनी आपल्या शरीरातली चरबी मोजून घेतली. उंचीच्या मानाने वजन, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते दोघांचं अगदी सारखं होतं, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आणि हे आकडे छापून आले. दिसायला दोघेही सडपातळ. आतला हिशेब मात्र वेगळा.

आपल्या भारतीय बांध्याचं हे वैशिष्ट्य आहे. हातपाय बारीक आणि पोट पुढे, असे पुष्कळ जण या सभागृहातही असतील. ही पोटातली, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवतीची चरबी जास्त त्रासदायक असते. ती इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून आपल्याकडे बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरतात. २३ च्या वर वजन जास्त, २५ च्या वर स्थूलता. त्याहून सोपं माप म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजनकाटा रोज पाहण्यापेक्षा ही टेप महिन्यातून एकदा वापरा.

हे सगळं दिसण्यासाठी नाही, हेही सांगते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. दुसरीकडे, अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढं ध्येय दिलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७ टक्के म्हणजे किती? ८० किलोच्या माणसाला साडेपाच किलो. कॉलेजात असतानाची पँट बसायला हवी असं नाही. साडेपाच किलो पुरतात.

उपाशी राहिल्याने काय होतं?

आता दुसरा प्रश्न. आपण सोमवारपासून कडक डाएट सुरू करतो आणि गुरुवारी रात्री अकरा वाजता सराफ्यात उभे असतो. हे का होतं? घरचे म्हणतात, मनाचा निग्रह नाही. मला ते पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धातल्या उपासमारीतून वाचलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढे आले. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरीपेक्षा कमी अन्न मिळालं, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालायचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. पण खरा धक्का दुसराच होता. ही हसरी, समाजात मिसळणारी मुलं चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. दिवसभर फक्त खाण्याचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. प्रयोग संपल्यावर अन्न मिळालं तेव्हा कितीतरी जण पोट फुटेस्तोवर खात राहिले, आणि तरी भूक भागली असं त्यांना वाटत नव्हतं.

ही माणसं हावरट नव्हती आणि दुबळ्या मनाचीही नव्हती. शरीराला दुष्काळ जाणवला की ते डोक्याला एकच काम लावतं, अन्न शोध. आता आठवून पाहा, सकाळी फक्त लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी ग्रीन टी घेणाऱ्या माणसाला रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा का हाका मारतो? डब्याला दोष नाही आणि माणसालाही नाही. दिवसभराच्या उपासमारीचं ते बिल आहे. मग रात्री खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून पुन्हा उपाशी. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. दर फेरीत चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात आणि परत येताना मात्र मुख्यतः चरबीच येते.

उपवासांचंही सांगायला हवं. श्रद्धेने केलेल्या उपवासाबद्दल मी काही बोलणार नाही. पण वजनासाठी म्हणून उपवास करायचा आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू, तर आपल्या आजीने त्याला आधीच नाव देऊन ठेवलंय, एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आवडतो तर खा, पण 'उपवासाने वजन घटेल' या आशेने खाऊ नका.

मग करायचं काय?

थोडं गणित. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी घेतल्या तर महिन्याला सुमारे दीड किलो कमी होईल. पुढे शरीर हलकं झालं की हा वेग मंदावतो, ते स्वाभाविक आहे. 'दहा दिवसांत दहा किलो' म्हणणाऱ्याचं गणित तुम्हीच तपासा. त्यासाठी रोज ७७०० कॅलरी कमी घ्याव्या लागतील, आणि आपण एवढं मुळात खातही नाही. तिथे जातं ते बरंचसं पाणी.

जाता जाता, चरबी जाते कुठे? घामातून? नाही. दहा किलो चरबी जळली तर तिच्यापैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यामुळे पोटाला प्लास्टिक गुंडाळून चालणाऱ्यांनी ते खुशाल काढून टाकावं. मोकळेपणाने चाला आणि श्वास घ्या.

४०० कॅलरी शोधायच्या कुठे? आधी तेलाच्या डब्यात पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला सहा लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज सुमारे ४५ ग्रॅम झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या आहारात २७ ग्रॅम सांगितलं आहे. हा १८ ग्रॅमचा फरक म्हणजे रोजच्या १६० कॅलरी, आणि त्यात तूप व बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. फोडणी बंद करू नका. किटलीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घाला, एवढंच.

दुसरी जागा म्हणजे शेव. मालव्यात आपण शेवेला मिठासारखं वापरतो. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजी नसेल तर शेवेचीच भाजी. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. पाकिटातून थेट खाल्ली तर मोजमाप राहत नाही. वाटीत काढून घ्या, पाकीट डब्यात आणि डबा वरच्या फळीवर.

पाकिटबंद खाण्यावर एक चांगला प्रयोग अमेरिकेत २०१९ मध्ये झाला. २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हीकडे वाढलेली साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ जुळवलेले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तयार अन्नावर असताना लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं. घरच्या स्वयंपाकाचं मोल याहून जास्त मी काय सांगू?

आणि घरचं मराठी ताट मुळात चांगलंच आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात-पोळी. पदार्थ सगळे बरोबर आहेत, प्रमाण तेवढं बिघडलं आहे. कोशिंबीर चमचाभर आणि भाताची टेकडी. ते उलटं करा. कोशिंबीर वाटीभर, भाजी वाटीभर, घट्ट वरण किंवा उसळ वाटीभर, आणि मग भात किंवा पोळी. गोडं वरण म्हणजे पिवळं पाणी नव्हे, डाळ दिसली पाहिजे.

प्रथिनांवर मी जोर देते, कारण वजन उतरवताना स्नायू वाचवायचे असतील तर ती लागतातच. ६० किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम हवीत. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, दह्याच्या वाटीत पाच, मोड आलेल्या मटकीच्या वाटीत सात, एका अंड्यात सहा, ग्लासभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. थोडं थोडं दिवसभरात वाटून घेतलं तर सहज जमतं. पोहे करता तेव्हा त्यात शेंगदाणे आणि मटार सढळ हाताने घाला, बाजूला दह्याची वाटी ठेवा. जिलेबी रविवारी खा. एक घ्या, गरम घ्या आणि बसून खा. उभ्या उभ्या बोलता बोलता गेलेली जिलेबी पोटात जाते, पण मनाला पोचत नाही.

व्यायामात चालणं हवंच. नेहरू पार्कात चला, कॉलनीत चला, नाही जमलं तर गच्चीवर. पण फक्त चालण्याने स्नायू राखले जात नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी घरच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं, दिवसातून दोनदा. भिंतीला हात टेकवून दंड काढावेत. आणि रात्री सात तास झोप. जागरणाने भूक वाढते, तीही गोडाची आणि तळलेल्याची.

एक सावधगिरी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये, प्रथिनं वाढवू नयेत. गोळी तीच आणि जेवण निम्मं, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

खाण्याची भाषा

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः आले आहे ती सांगते.

आपण खाण्याबद्दल कसे बोलतो ते ऐका. "आज पाप केलं, दोन मोदक खाल्ले." "उद्या जास्त चालून फेडीन." तरुण मंडळी म्हणतात 'चीट डे'. चीट म्हणजे फसवणूक. कोणाची? मोदक खाणं ही चोरी असेल तर माणूस तो चोरूनच खाणार, घाईघाईने आणि गरजेपेक्षा जास्त. ज्या घरात लाडू कुलपात असतात त्याच घरातली मुलं दुसऱ्यांकडे लाडवांवर तुटून पडतात.

भुकेसाठी मराठीत केवढे शब्द आहेत! पोटाची भूक वेगळी, डोळ्यांची वेगळी. 'तोंडात टाकायला काहीतरी' वेगळं. खाण्यापूर्वी एवढंच विचारा, ही कुठली भूक आहे? पोटाची असेल तर जेवा, पुरेसं जेवा. कंटाळा, राग, एकटेपणा यांची असेल तर थोडं थांबा, कोणाला फोन करा, चक्कर मारा. तरीही खावंसं वाटलं तर खा, पण वाटीत घेऊन, बसून आणि स्वतःला शिव्या न देता. जेवणाआधी श्लोक म्हणायची आपली रीत होती. त्यात भक्ती होतीच, पण त्या अर्ध्या मिनिटात माणूस जेवायला 'बसत' असे. आता आपण मोबाइलसमोर जेवतो आणि ताट रिकामं झाल्यावर कळतं की जेवलो.

बायकांसाठी एक खास. उरलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, मुलाने टाकलेला लाडू, हे सगळं 'वाया नको' म्हणून आईच्या पोटात जातं. सगळ्यांचं झाल्यावर, थकून, उभ्याने. अन्न वाया घालवू नये हे खरं. पण तुमचं पोट ही उरलंसुरलं ठेवायची जागा नाही. फ्रीज आहे. घरातल्या पुरुषांनीही हे ऐकावं. बाई सर्वांबरोबर जेवायला बसली तर तिची तब्येत सुधारेल. त्यासाठी कोणीतरी पोळ्या करायला किंवा वाढायला उठावं लागेल.

आणि आता सर्वांत अवघड. आपल्या समारंभांत भेटल्यावर पहिलं वाक्य काय असतं? "अगं, किती जाड झालीस!" किंवा "काय रे, वाळलास!" आपुलकीने म्हणतो आपण. पण माझ्याकडे दहावीतली एक मुलगी आली होती. एका लग्नात कोणी नातेवाईक तिला म्हणाल्या, "नवरीपेक्षा तूच भरलेली दिसतेस." त्या दिवसापासून तिने जेवण कमी केलं. चार महिन्यांत नऊ किलो गेले. सुरुवातीला घरचे खूश, सगळ्यांनी कौतुक केलं. मग केस गळू लागले, पाळी थांबली, ती पंगतीत बसेना, "मी जेवून आले" म्हणू लागली. तेव्हा आईच्या लक्षात आलं. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि मी, आम्ही तिघे मिळून वर्षभर तिच्याबरोबर होतो. ती आता बरी आहे, कॉलेजात जाते. पण ते एक वाक्य बोलणाऱ्या बाईंना आजही त्याची कल्पना नसेल.

तुमच्या घरातलं मूल अचानक जेवण टाळू लागलं, जेवणानंतर लगेच बराच वेळ बाथरूममध्ये जाऊ लागलं, दिवसातून पाच वेळा वजन करू लागलं, किंवा लपवून भरमसाट खाऊ लागलं, तर ते नखरे समजू नका. ओरडू नका. डॉक्टरांकडे न्या. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आग्रहाचंही तेच. "माझी शपथ, एक घ्याच" हे आपलं प्रेम. पण मधुमेही माणसाच्या ताटात तिसरा गुलाबजाम टाकून आपण त्याला 'नाही' म्हणण्याची लाज आणतो. आग्रह एकदा करावा. दुसऱ्यांदा 'पुरे' ऐकलं की थांबावं. आणि पाहुण्याने पानावर आडवा हात धरला तर तो अपमान समजू नये.

या दहा दिवसांत

उकडीचे मोदक जरूर खा, वर साजूक तूप घालून खा. तांदळाची उकड, नारळ आणि गूळ, म्हणजे त्यात जेवणातला भात आलाच. त्या दिवशी ताटातला भात कमी करा, वरण-उसळ ठेवा. मोदक ताटात वाढून घ्या, डब्यातून येता-जाता उचलू नका. विसर्जनाच्या दिवशी अनेक घरांत वाटली डाळ करतात. हरभऱ्याच्या डाळीचा इतका उत्तम प्रसाद आपल्या परंपरेत आधीच आहे, तो मंडळात दहाही दिवस का असू नये?

मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, महाप्रसादाच्या पंगतीत कोशिंबीर आणि उसळ सर्वांत आधी वाढा, भात नंतर. दोन, उत्सव संपला तरी सकाळी चालणाऱ्यांचा एक गट चालू ठेवा. इथे जमलेल्यांपैकी दहा जण आले तरी पुरे. एकट्याने चालणं महिनाभरात सुटतं, सोबत असली की टिकतं. तीन, या मांडवात कोणाच्याही वजनावर बोलायचं नाही, असं दहा दिवस तरी ठरवा. विचारायचंच असेल तर "कशी आहेस?" विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा.

आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्याला आपण लंबोदर म्हणतो, आणि किती लाडाने म्हणतो! त्याच्या पोटाकडे बघून आजवर कोणी नाक मुरडलेलं नाही. तेवढी माया शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आणि आरशातल्या माणसाला दाखवली, तर चरबी उतरवण्याचं काम सोपं होईल. ज्या शरीराचा राग येतो त्याची काळजी कोणी घेत नाही.

आता प्रसाद घ्या. आजोबा, तुम्ही पण. बसून खा.

गणपती बाप्पा मोरया!